मुलं लहान, नौका मोठी: विठ्ठलवाडीकरांसाठी मार्गदर्शन

लग्न, मग फ्लॅट, मग बाळ, मग दुसरं बाळ, आणि दुसऱ्याचं बारसं आटोपतं न आटोपतं तोच शिडाची नौका, असा मध्यमवर्गीय संसाराचा क्रम आता ठरून गेला आहे. पहिल्या चार गोष्टींवर मराठीत हवं तेवढं मार्गदर्शन मिळतं, नको असताना तर जास्तच मिळतं. पाचवीवर कुणी चकार शब्द काढत नाही. मग नवरा-बायको हौसेने नौका घेऊन बसतात, धाकट्याला दात येऊ लागतात, थोरलीच्या ज्युनिअर केजीची फी भरायची वेळ येते आणि दोघांचं एकमत होतं: मुलं जरा मोठी होईपर्यंत नौका कुठेतरी ठेवून देऊ. हे ‘कुठेतरी’ विठ्ठलवाडीत स्वस्तात कसं साधावं, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम, विठ्ठलवाडीला समुद्र नाही ही कुरकुर बंद करावी. संसदेने 2016 साली कायदा करून राष्ट्रीय जलमार्ग जाहीर केले, त्यांत 53 क्रमांकाचा जलमार्ग कल्याण-ठाणे-मुंबई असा 145 किलोमीटरचा आहे. म्हणजे आपण राष्ट्रीय जलमार्गाच्या शेजारीच राहतो. मध्ये फक्त वालधुनी, रेल्वेचे रूळ आणि संपूर्ण कल्याण शहर येतं. कल्याण बंदराचं नाव पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात आहे. 1657 च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि स्वराज्याच्या आरमाराची सुरुवात कल्याणच्याच खाडीत झाली. अलीकडे नौदलाने निवृत्त केलेली टी-80 ही नौकाही स्मारकासाठी दुर्गाडी किल्ल्याजवळ आणली आहे. सरकारी नौकेला कल्याणात जागा मिळाली, तेव्हा आपल्यालाही मिळेल, अशा भ्रमात मात्र महापालिकेकडे अर्ज करू नये. त्या नौकेने आधी नोकरी केली आहे.

काहींची नजर वालधुनीवर जाते. नदी जवळ, भाडं शून्य, शिवाय याच नदीच्या काठी अंबरनाथचं 1060 सालचं शिवमंदिर, म्हणजे परिसरही पवित्र. मोह आवरावा. अंबरनाथ-उल्हासनगरच्या कारखान्यांनी आणि जीन्स धुणाऱ्यांनी या नदीला वर्षानुवर्षं जे रंग दाखवले, ते पाहता नौकेचा तळ रंगवण्याचा खर्च वाचेल हे खरं. पण कोणता रंग येईल, ते आपल्या हातात राहत नाही. आणि तळ उरेल का, हाही प्रश्न आहेच.

मग उरतं सोसायटीचं पार्किंग. इथे आधी नौकेची लांबी कबूल करावी लागेल. कमांडर दिलीप दोंदे 2009-10 साली ‘म्हादेई’वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, असं करणारे ते पहिले भारतीय. ‘म्हादेई’ गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली, लांबी 56 फूट. हे वाचून पुष्कळ वडिलांना 56 फुटांखालचं काही बघवत नाही. त्यांनी वन बीएचकेच्या मुख्य दारापासून बाल्कनीपर्यंत टेप धरून बघावा. नौकेचं नाक दाराशी लावलं, तर सुकाणू समोरच्या इमारतीतल्या स्वयंपाकघरात जाईल, आणि तिथे आधीच आपलं नाव चांगलं नाही. शिवाय दोंदे एकटे होते. आपल्याबरोबर दोन मुलं, सासूबाई, दुधाच्या बाटल्या आणि त्या बाटल्या उकळायचं पातेलं असणार.

तरीही नौका घेतलीच असेल, तर सेक्रेटरीकाकांना आधी भेटावं. रविवारी सकाळी, ते टाकीचा व्हॉल्व्ह बघायला खाली उतरतात तेव्हा. संभाषण साधारण असं होतं.

“काका, एक छोटी नौका ठेवायची होती.”

“टू व्हीलर का फोर व्हीलर?”

“चाकं नाहीत तिला.”

“मग पार्किंगमध्ये कशी येईल? अडगळीत धरावी लागेल. आणि अडगळ ठेवायची नाही, असा ठराव आहे.”

इथे घाबरून ‘ट्रेलरवर ठेवतो’ असं बोलून जाऊ नये. ट्रेलर म्हटला की आरटीओची नोंदणी आली, नंबरप्लेट आली, आणि फोर व्हीलरचा दर लागला. आधी म्हणावं, “काका, गणपतीत मंडळाला देखाव्यासाठी फुकट देईन.” सोसायटीत नौका राहते ती या एका वाक्यावर. पहिल्या वर्षी समुद्रमंथन, दुसऱ्या वर्षी आरमार, तिसऱ्या वर्षी पुन्हा समुद्रमंथन. अनंत चतुर्दशीपर्यंत कुणी तक्रार करत नाही. पुढे दिवाळीत पोरं तिच्यावरच माती थापून किल्ला करतात आणि कडेने हळीव पेरतात. किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत मोडायचा नाही, हा रिवाज असल्यामुळे आणखी काही आठवडे निघतात. त्यानंतर वार्षिक सर्वसाधारण सभेत आपला मुद्दा ‘ऐनवेळचे विषय’ यात यावा, अशी व्यवस्था करावी. ऐनवेळच्या विषयांपर्यंत बटाटेवडे येतात आणि सभा संपते. कोणत्याही मुद्द्याचा याहून सुरक्षित साठा महाराष्ट्रात दुसरा नाही.

आता प्रत्यक्ष ठेवणीकडे वळू. यात चेष्टा नको, कारण फायबरच्या नौकेची नासाडी अंगणातही होते. ठेवण्याआधी ती गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवावी; पाणीकपातीचा वार सोडून. शीड ओलसर असताना गुंडाळलं तर बुरशी धरतं, म्हणून ते खडखडीत वाळवावं, पण रोजच्या उन्हात मात्र पडू देऊ नये, कारण ऊन शिडाच्या कापडाचा जीव काढतं. घडी घालण्यापेक्षा शीड गुंडाळलेलं बरं. दोर आणि कापड उंदरांच्या वाटेत ठेवू नये. लहान होडी पालथी घालून विटांवर ठेवावी, म्हणजे खालून वारा खेळतो; विठ्ठलवाडीत विटेवर उभं राहण्याला कुणी हरकत घेण्याची शक्यताही कमी. उताणीच ठेवायची असेल तर तळाचं बूच काढून टाकावं. बूच तसंच राहिलं तर पहिल्या पावसात होडीचा हौद होतो, हौदात डेंग्यूचे डास होतात आणि पालिकेची नोटीस नौकेच्या नव्हे, फ्लॅटच्या मालकाला येते. काढलेलं बूच एका ठरलेल्या जागी ठेवावं. पोरांना ते भोवऱ्यासारखं फिरवता येतं, हे त्यांना कळू देऊ नये.

ताडपत्रीवर पैसे घालवण्यापूर्वी कोकणात जाऊन यावं. तिथे या प्रश्नाचं उत्तर फार जुनं आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्याआधी नाखवे, तांडेल, खलाशी आणि निम्मं गाव मिळून होड्या किनाऱ्यावर ओढतात, जाळी आणि इंजिनं घरी नेतात आणि नारळाच्या झावळ्यांनी, हल्ली प्लॅस्टिकनेही, होड्या शाकारतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ जातो आणि होड्या पाण्यात. गेटवेसमोर डोलणाऱ्या शिडाच्या श्रीमंत नौकाही पावसाळ्यापूर्वी पाण्याबाहेर काढतात. रॉयल बॉम्बे यॉट क्लब 1846 पासून आहे, पण पावसापुढे त्याचीही प्रतिष्ठा चालत नाही. थोडक्यात, नौका ठेवण्याचा हंगाम पावसाळ्यापुरता, वापरण्याचा त्याहून मोठा. आपला बेत नेमका उलटा आहे: बारा वर्षं शाकारायची आणि एका उन्हाळ्याच्या सुट्टीत वापरायची. हे ऐकून कोणताही नाखवा आपल्याला चहा पाजेल, पण होडीला हात लावू देणार नाही.

तरी काही विठ्ठलवाडीकर अलिबाग-मुरुडकडे ओळख काढून होडी तिथल्या एखाद्या वाडीत ठेवतात. हा खरोखरच स्वस्त मार्ग आहे. राखण करणाऱ्याला महिन्याला काही द्यावं, जाताना मिठाई न्यावी, कल्याणात मासा घेऊन त्यांच्याकडे जाऊ नये. यात एकच गोम आहे. चार वर्षांनी आपण मुलांना घेऊन जातो, तेव्हा वाडीतली पोरं ती होडी सफाईने वळवत असतात आणि आपल्या धाकट्याला विचारतात, “तू पण येतोस का आमच्या होडीत?” कायद्याने मालकी आपली असते. 2021 च्या अंतर्देशीय जहाज कायद्याचा किंवा सागरी मंडळाच्या नोंदणीचा कागद त्या पोरांना दाखवण्यात मात्र शहाणपण नाही.

आजी-आजोबा नौकेच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी करतात, तो पुराचा. 26 जुलै 2005 त्यांनी कल्याणात काढलेला असतो. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणी-बदलापूरजवळ उल्हासच्या पुरात अडकली आणि हजारांवर प्रवाशांना बाहेर काढायला एनडीआरएफच्या रबरी बोटी आल्या, हेही त्यांनी टीव्हीवर पाहिलेलं असतं. “बघ, घरात बोट हवी,” असं आजी म्हणते. आजीचा मान ठेवावा, पण पुरात शिडाची नौका काढू नये. त्या दिवशी वारा, वीज आणि लोकल यांपैकी काहीही आपल्या बाजूने नसतं.

इथवर वाचून ज्यांचा उत्साह टिकला आहे, त्यांच्यासाठी एका होडीची गोष्ट. 1947 साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावी क्लार्क मिल्स नावाच्या बोटकाराने मुलांसाठी एक चौकोनी नाकाची होडी आखली. प्लायवूडच्या साध्या तक्त्यांतून निघावी, कुणाही बापाला परवडावी, हाच उद्देश. तिचं नाव ऑप्टिमिस्ट. लांबी 2.3 मीटर, नुसत्या होडीचं वजन 35 किलो, म्हणजे सिमेंटच्या गोणीपेक्षा कमी. एकच शीड, एकच मूल. जगभर पुढे मोठ्या शर्यती जिंकलेले कितीतरी नाविक लहानपणी याच डबड्यात शिकले.

विठ्ठलवाडीच्या दृष्टीने यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, उल्हासनगरचं फर्निचर मार्केट आपल्या पुढच्याच स्टेशनवर आहे. तिथल्या कारागिराला नकाशा दाखवला तर तो आधी “वॉर्डरोब का दिवाण?” असं विचारेल, पण मरीन प्लाय म्हटलं की त्याला बरोबर कळेल, आपल्या ओट्याखाली तोच आहे. दुसरी, ही होडी आडवी करून घराच्या दारातून आत येते, फ्रिज आला होता तशीच, आणि पॅसेजमध्ये भिंतीला लावून उभी राहते. मेंटेनन्स वाढत नाही. सेक्रेटरीकाकांना सांगायचीही गरज नाही. पाण्यात नेण्याचा दिवस येईल तेव्हा पत्रीपूल टाळून पहाटे निघावं आणि लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचं घ्यावं; ‘दोन वर्षं चालेल’ असं वाढत्या अंगाचं घेऊ नये, कारण सैल जॅकेटातून मूल खाली निसटतं.

ज्यांना पॅसेजही मोकळा नाही, त्यांनी नौकाच घेऊ नये. मुंबईत मुलांना शिडाची होडी शिकवणारे क्लब आहेत. होडी त्यांची, धुणं त्यांचं, बूच हरवण्याची जबाबदारी त्यांची. रविवारी विठ्ठलवाडीहून सीएसएमटी लोकलला बसायला जागाही मिळते. नौका सर्वांत स्वस्तात ठेवण्याचा माझ्या माहितीतला मार्ग हाच, आणि तो सांगितल्यावर वडील मंडळी नाराज होतात, कारण त्यांना नौका स्वतःसाठी हवी असते.

तरीही बेत ‘मुलं मोठी होईपर्यंत’ असाच असेल, तर एक नियम लक्षात घ्यावा. ऑप्टिमिस्टच्या स्पर्धांमध्ये ज्या वर्षी मूल पंधरा पूर्ण करतं, ते वर्ष शेवटचं. सोळाव्याला जागा नाही. तेव्हा थोरली आज कितवीत आहे ते आधी बघा, आणि ताडपत्रीचं माप नंतर घ्या.