बांध घालणाऱ्या साहेबांस अनावृत पत्र

प्रति,
पिवळा दिवा फिरवत, रस्त्यावरचा बर्फ लोटत पहाटे साडेपाचला गल्लीतून जाणाऱ्या नांगरगाडीचे चालकसाहेब,
मुक्काम बफेलोच्या दक्षिणेकडचं एक उपनगर, न्यूयॉर्क राज्य.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्या वाटेवरच्या एका मराठी घरात नुकतंच पेट्रोलवर चालणारं स्नो ब्लोअर दाखल झालं आहे. ते मी स्वतः पारखून घेतलं, असं त्या घरचे गृहस्थ सांगतात. मी ते गळ्यात मारलं, असं दुकानातला विक्रेता मनात म्हणत असेल. खरं श्रेय चालकसाहेब, आपलं आहे आणि ते आपल्याला चारचौघांत मिळावं, एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच.

डिसेंबरातली ती सकाळ आपल्याला आठवत नसेल. आपल्याला अशा सकाळी रोजच्याच. गृहस्थ पाच वाजता उठले, थर्मलवर थर्मल चढवले, माकडटोपी घातली (ती मात्र पुण्याहून आणलेली) आणि फावडं घेऊन ड्राइव्हवेवर उतरले. पन्नास फूट लांब, सोळा फूट रुंद, वर फूटभर बर्फ. नुकता पडलेला बर्फ दहा इंच असेल तर त्याचं पाणी साधारण एक इंच होतं. या हिशेबाने त्यांनी त्या सकाळी सव्वादोन टन माल उचलायला घेतला होता. हिशेब त्यांनी नंतर केला, हे बरंच झालं. दोन तासांनी डांबर दिसू लागलं. फावडं भिंतीला टेकवून, कमरेवर हात ठेवून ते आपली कामगिरी न्याहाळत उभे राहिले, आणि नेमक्या त्याच घटकेला आपली दुसरी फेरी आली.

आपण हात हलवलात. त्यांनीही हलवला. मग आपण गेलात आणि ड्राइव्हवेच्या तोंडाशी बांध उरला.

बांध हाच शब्द योग्य. आकाशातून पडतो तो बर्फ शेवरीच्या कापसासारखा. आपल्या पात्यातून येतो तो करडा, मिठाने ओलावलेला, नारळाएवढ्या ढेकळांचा, आणि तासाभरात दगड होणारा. सोळा फूट लांब, तळाशी तीन फूट, उंची दोनेक फूट. ताज्या बर्फाच्या चौपट घन धरला तर एवढ्याशा पट्टीत अर्धा टन भरतो. सांगली-साताऱ्याकडे शेजाऱ्याने रात्रीतून बांध वीतभर सरकवला तर दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. इथे आपण पहाटे सोळा फुटांचा नवाकोरा बांध घालता आणि लोक आपल्याला नाताळात कुकीजचा डबा देतात. हे भाग्य कुठल्या तलाठ्याच्या वाट्याला आलं नाही.

आपला दोष नाही, हेही नमूद करायला हवं. पातं उजवीकडे तिरकं असतं, बर्फ उजवीकडेच सरकतो, आणि दर घरासमोर पातं उचलायचं म्हटलं तर आपली फेरी होळीपर्यंत संपायची नाही. त्यातून गावही असं की ईरी सरोवर गोठेपर्यंत त्याच्या कोमट पाण्यावरून गार वारा येतो आणि वाटेत उचललेली वाफ बर्फ करून एकाच पट्ट्यात ओततो. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑर्चर्ड पार्कवर सुमारे ८० इंच बर्फ कोसळला आणि बफेलो बिल्स या फुटबॉल संघाला आपला घरचा सामना डेट्रॉइटला जाऊन खेळावा लागला. २०१४ च्या नोव्हेंबरातही तेच झालं होतं. सामना दुसऱ्या गावी हलवता येतो. ड्राइव्हवे हलवता येत नाही.

तर त्याच संध्याकाळी, पाठीला बाम चोळून घेत, गृहस्थांनी यंत्र घेण्याचा निर्णय जाहीर केला.

पहिली अडचण शब्दाची. “गॅसवरचं घेतोय,” असं त्यांनी सांगलीला आईला फोनवर सांगितलं. “अरे, मग सिलिंडर कुठे लावायचा? आणि नळी नीट बघून घे बाळा, आयएसआयची असते,” आईने बजावलं. अमेरिकेत पेट्रोललाच गॅस म्हणतात, हे पंधरा मिनिटं समजावल्यावर ती म्हणाली, “मग तसं म्हणावं ना!” या मुद्द्यावर तिला उत्तर नाही.

गृहस्थ पेशाने इंजिनिअर. त्यामुळे एक्सेलची शीट ओघाने आलीच. चौदा रकाने: इंजिनाचे सीसी, रुंदी, वजन, बर्फ किती फूट लांब उडतो, पुढे दिवा आहे का, मुठी गरम होतात का. हातमोजे घालून धरायच्या मुठी गरम होण्याला त्यांनी दहापैकी नऊ गुण दिले होते. चौदाही रकाने आकाशातून पडणाऱ्या बर्फाचे. चालकसाहेब, आपल्या नावाचा रकाना त्यात नव्हता.

तो भरला शेजारच्या निवृत्त आजोबांनी. कुंपणापलीकडून त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. ड्राइव्हवे डांबरी की खडीचा? आणि बांध केवढा येतो?

या दोन प्रश्नांत शीटचा निम्मा भाग निकाली निघाला. स्वस्तातल्या, एका टप्प्याच्या यंत्रात रबरी पात्यांचा एकच रूळ असतो. तो जमिनीला घासत फिरतो, बर्फ उचलतो आणि तोच वरच्या नळकांड्यातून भिरकावतो. हलकं, आटोपशीर, पाच-सहा इंच मऊ बर्फाला झकास, आणि डांबर लख्ख करणारं. पण खडीवर चालवलं तर खडीच फेकणार, आणि ती शेजाऱ्याच्या काचेचा नेम चुकवत नाही. आपल्या बांधासमोर तर ते उड्या मारत ढेकळांवर चढू बघतं. दोन टप्प्यांच्या यंत्रात पुढे मळसूत्रासारखी वळलेली पोलादी पाती ढेकळं फोडून मधोमध आणतात आणि मागचा पंखा तो चुरा चाळीस-पन्नास फूट उडवतो. चाकं इंजिनावर चालतात. दोन्ही बाजूंच्या स्किड शूंवर तोंड जमिनीपासून अर्धा-पाऊण इंच उचलून ठेवता येतं, त्यामुळे खडीवरही चालतं. अलीकडे तीन टप्प्यांचीही यंत्रं मिळतात. मध्ये आणखी एक वेगाने फिरणारं पातं, आणि किंमतही पुढच्या टप्प्यावर.

रुंदीचा मोह मोठा. तीस इंची यंत्र बघून गृहस्थांचे डोळे लकाकले, कारण कोपऱ्यावरच्या घरी अठ्ठावीस इंची आहे. आजोबांनी पुन्हा थांबवलं. इंजिन तेच ठेवून तोंड रुंद केलं तर प्रत्येक इंचाच्या वाट्याला ताकद कमी येते, आणि बांधात ते जाणवतं. शिवाय दोन गाड्या, मुलाची सायकल आणि भारतात न्यायच्या रिकाम्या बॅगा यांच्यामध्ये ते ठेवणार कुठे? शेवटी चोवीस इंची, दोनशेच्या वर सीसीचं, दोन टप्प्यांचं यंत्र ठरलं. एक हजार डॉलरच्या वर गेलं. तेवढ्यात टेम्पो घेऊन येणाऱ्या माणसाने दोन-तीन हिवाळे साफ करून दिले असते, असं घरातून एकदाच पण स्पष्ट शब्दांत सांगण्यात आलं.

अश्वशक्तीचा आकडा खोक्यावर का नाही, हा प्रश्न गृहस्थांनी दुकानात विचारला. उत्तर असं मिळालं: अश्वशक्ती फुगवून लिहितात म्हणून गवत कापणाऱ्या यंत्रांच्या गिऱ्हाइकांनी दावा लावला होता. मिल्वॉकीच्या फेडरल कोर्टात २०१० मध्ये तडजोड झाली आणि तेव्हापासून असल्या छोट्या इंजिनांवर सीसी आणि टॉर्क यांचे आकडे मिरवू लागले. घोडे गेले, सीसी आले. गिऱ्हाईक मोठा आकडा बघूनच घेतं, तेवढं बदललं नाही.

या यंत्राच्या घराण्याची हकीकत मात्र ऐकण्यासारखी आहे. फिरत्या पात्यांनी रेल्वेमार्गावरचा बर्फ हटवायची कल्पना १८६९ मध्ये टोरांटोच्या जे. डब्ल्यू. एलियट यांनी पेटंट केली, आणि हे एलियट दातांचे डॉक्टर होते. कोरून काढायचं आणि बाहेर फेकायचं, एवढं कळलं की दाढ काय आणि बर्फ काय. रस्त्यावर चालणारं स्नो ब्लोअर १९२५ मध्ये क्वेबेकच्या आर्थर सिकार्डने बनवलं. शेतावरच्या मळणीयंत्रावरून त्याला ते सुचलं, आणि १९२७ मध्ये मॉन्ट्रियलजवळच्या उत्रमाँ गावाने ते विकत घेतलं. मळणीत भूस उडतं तसा बर्फ उडावा, हे गृहस्थांना लगेच पटलं. त्यांच्या आजोळी खळं होतं. विस्कॉन्सिनच्या एरियन्स कंपनीचं नारिंगी यंत्र १९६० पासूनचं. ज्या रेल्वे आणि पालिकांच्या घरी हे यंत्र जन्मलं, त्यांच्याच नांगराचा माल उपसायला ते घराघरांत पोचलं, यात आपल्या खात्याचा हात कुणी नाकारू नये.

यंत्र आलं, त्या दिवशी थर्मामीटर शून्याखाली बारा. चोक ओढला, प्रायमरची रबरी गोळी तीनदा दाबली, दोरीला हिसडा दिला. काही नाही. पुन्हा हिसडा. यंत्र खोकलं. गृहस्थांच्या अंगात वीस वर्षांपूर्वीचा पुणेकर जागा झाला. बजाज चेतक सकाळी रुसली की एका अंगाला कलती करून मग किक मारायची, ही सवय हातात होतीच. त्यांनी हँडल धरून यंत्र कलतं करायला घेतलं. “पेट्रोल सांडेल!” आजोबा कुंपणावरून ओरडले. मग भिंतीतल्या सॉकेटमध्ये वायर खुपसून बटण दाबलं आणि ते गुरगुरत सुरू झालं. वीज गेली की हे बटण शोभेचं, हेही तेव्हाच कळलं. आणि मोठ्या वादळात वीजच आधी जाते. गॅरेजमध्ये धूर कोंडतो, त्यातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून ओळखू येत नाही, म्हणून सुरू करायचं ते दाराबाहेर ढकलूनच.

पन्नास फूट तर पंधरा मिनिटांत झाले. गृहस्थ ऐटीत, आपण घातलेल्या बांधापाशी आले.

आणि खाडकन आवाज होऊन पाती थांबली. इंजिन चालू, पंखा चालू, डाव्या बाजूचं मळसूत्र मात्र ढिम्म. बांधाच्या पोटात आपण फुकट वाटल्या जाणाऱ्या साप्ताहिकाचा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, गोठून वरवंटा झालेला अंक पुरून ठेवला होता. शिअर पिन तुटली होती. ही बोटभर पिन मुद्दाम कच्ची केलेली असते. अडथळा आला की आधी ती मोडते आणि गिअरबॉक्स वाचतो. गृहस्थ टूलबॉक्समधला दणकट पोलादी बोल्ट शोधायला धावले. आजोबांनी तिसऱ्यांदा अडवलं. बोल्ट टिकला असता आणि गिअरबॉक्स गेला असता. यंत्राबरोबर आलेल्या दोन जादा पिना पिशवीतून खाली पडून बर्फात गेल्या होत्या. त्या हुडकण्यात, हातमोजा काढून, गुडघ्यावर बसून, अर्धा तास गेला.

पुढची खोडी ओल्या बर्फाची. तापमान शून्याच्या आसपास आलं की नळकांडं चिकट गोळ्याने गच्च होतं. हात आत घालावासा वाटतो, कारण इंजिन बंद केलेलं असतं. तेच फसवं. बंद यंत्रातही पात्यांवर ताण धरलेला असू शकतो आणि गोळा सुटताच पंखा अर्धा वळसा घेतो; अमेरिकेत दरवर्षी हजारो माणसं या यंत्रांपायी इस्पितळात जातात आणि त्यांत बोटं गमावणारे बरेच. त्यासाठी यंत्रालाच एक प्लास्टिकची काठी अडकवून दिलेली असते. ती टूथब्रशसारखी दिसते म्हणून गृहस्थांच्या मुलाने तिचं नाव एलियट ठेवलं आहे. गोळा होऊच नये म्हणून नळकांड्याला आतून खाद्यतेलाचा स्प्रे मारायचा. आप्पेपात्राला तेलाचं बोट फिरवतात, तसं.

इतकं सगळं झाल्यावर आजोबांनी जानेवारीत एक गोष्ट सांगितली, जी आपण, चालकसाहेब, कधी सांगितली नसती. ड्राइव्हवेच्या तोंडाशी रस्त्याकडे तोंड करून उभं राहायचं. आपण डावीकडून येता. तेव्हा डाव्या अंगाला, रस्त्याच्या कडेने दहा-बारा फुटांचा कप्पा आधीच साफ करून ठेवायचा. आपलं पातं तिथे ओझं उतरवतं आणि ड्राइव्हवेसमोरून बरंचसं रिकामं जातं. ड्राइव्हवेवरचा बर्फ उजवीकडे टाकायचा, आणि रस्त्यावर मुळीच नाही, कारण त्याला बंदी आहे. हा कप्पा काढायला यंत्राला चार मिनिटं लागतात. बांध आता घोट्याएवढाच येतो. गृहस्थांनी शीटमध्ये पंधरावा रकाना घातला आहे, पण यंत्र घेऊन झाल्यावर त्याचं करायचं काय, हे त्यांना ठरवता आलेलं नाही.

एप्रिलबद्दल एक विनंती. आपण पातं उतरवून ठेवलं की गल्लीत भोंगा वाजवावा. कारण यंत्राची खरी परीक्षा त्या दिवशी सुरू होते. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओल धरतं, आणि टाकीत उन्हाळाभर राहिलं की कार्बोरेटरच्या केसाएवढ्या भोकात गोंद साचतो. स्टॅबिलायझर घालून ठेवावं, नाहीतर टाकी कोरडी होईस्तोवर इंजिन चालवावं. गल्लीतली निम्मी यंत्रं पहिल्या बर्फात सुरू होत नाहीत, ती थंडीने नव्हे, मे महिन्याच्या आळसाने. गृहस्थ एप्रिलात पाडव्याचं श्रीखंड खाऊन झोपले की काय होईल, याची घरच्यांना आत्तापासून काळजी आहे.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपल्या उजव्या बाजूचा,
एक नागरिक

ता. क. : गुरुवारच्या बांधात एका टपालपेटीचं झाकण निघालं. ते कुणाचं, हे सांगायला गल्लीत कुणी तयार नाही. आपल्या ओळखीचं असल्यास गॅरेजच्या दाराशी, एलियटच्या शेजारी ठेवलं आहे. येता-जाता घेऊन जावं.