वेळेअभावी

साडेआठला हॉल रिकामा करायचा होता. आठ पंचविसाला तिसऱ्या रांगेत एक मुलगी उभी राहिली, असेल दहा-अकरा वर्षांची. मंचावर भरतनाट्यमचं सप्रयोग व्याख्यान चाललेलं. अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंतचा जो क्रम आज आपण बघतो, तो तंजावरच्या सरफोजी राजांच्या दरबारातल्या चौघा भावांनी कसा बसवला, हे बाई बोलत होत्या, उठून करून दाखवत होत्या, पुन्हा बोलत होत्या. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम, वडिवेलू ही नावं त्यांनी पोरींकडून दोनदा म्हणून घेतली. मुलीनं विचारलं, “राजा मराठी होता ना? मग गाणी मराठीत का नाहीत?”

अख्खा हॉल सरसावून बसला. बाई हसल्या, “बैस, सांगते” म्हणाल्या, आणि निवेदिकेनं माईक हातात घेतला : वेळेअभावी आपल्याला इथंच थांबावं लागतंय.

वेळ कुठं गेला ते मी सांगतो, कारण मी घड्याळ बघत होतो. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, सात जणांचे सत्कार, शाल, श्रीफळ, रोपटं, दोन मनोगतं, आणि प्रमुख पाहुणे यायचे म्हणून रखडलेली वीस मिनिटं. साडेपाचच्या कार्यक्रमात बाईंचा पाय मंचावर पडला तेव्हा पावणेसात वाजून गेले होते. त्या मुलीच्या प्रश्नाला पाच मिनिटं पुरली असती.

हॉलच्या माणसाला बोल लावायचं कारण नाही. रात्रीच्या नाटकाच्या सेटचा टेम्पो मागच्या दाराला लागलेला होता. त्यांचेही पैसे भरलेले, त्यांचीही तारीख. दुखणं याच्या मुळाशी आहे. महाराष्ट्रात गावोगाव नाट्यगृहं बांधली गेली, त्यांना थोरामोठ्यांची नावं दिली गेली, आणि मग ती सत्रावर भाड्यानं लावली गेली. सकाळ, दुपार, रात्र. अर्ज करा, अनामत भरा, तारीख घ्या. त्या वास्तूला स्वतःला काय दाखवायचंय, काय ऐकवायचंय, कोणता वाद घडवून आणायचाय, हे ठरवणारा माणूस आत कुणी नाही. दिव्यांना माणूस आहे, पडद्याला आहे, पार्किंगला आहे. कार्यक्रम आखायला कुणी नाही. अशा इमारतीला आपण सांस्कृतिक केंद्र म्हणतो, तेव्हा मला राग येतो.

खरं सांस्कृतिक केंद्र कसं असतं हे एका मराठी माणसानं दिल्लीत घडवून दाखवलंय, आणि त्याचा आपल्याला पत्ता नाही. चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावचे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर हे आपण सामान्यज्ञानाच्या पुस्तकात पाठ करतो; मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली त्यांनी केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं, हे सभांमधून अभिमानानं सांगतो. त्यांनी ‘मेघदूत’ मराठी पद्यात आणलं, हे थोड्यांना माहीत असतं. आणि लोधी उद्यानाला खेटून उभं असलेलं ‘इंडिया इंटरनॅशनल सेंटर’ उभारण्यात पुढाकार घेणारे, त्याचे संस्थापक अध्यक्ष हेच, हे सांगितलं की बहुतेक जण “असं का?” म्हणतात. १९६२ साली ती वास्तू खुली झाली. जोसेफ स्टाइननं ती बांधली, दगडी भिंतींची, जाळ्यांची, बागेच्या झाडांच्या वर डोकं न काढणारी. तिथल्या एका सभागृहाला चिंतामणरावांचं नाव आहे.

मी तिथं पहिल्यांदा गेलो तो कुणाच्या तरी ओळखीनं नव्हे. बाहेर फलकावर महिन्याचा कार्यक्रम लावलेला होता, तो वाचला आणि आत गेलो. एक दिवस नृत्य, दुसऱ्या दिवशी एका नव्या पुस्तकावर चर्चा, मग माहितीपट, मग पाण्याच्या प्रश्नावर व्याख्यान. तिकीट नाही. ओळीत जागा मिळेल तिथं बसायचं. त्या संध्याकाळी अनुवादावर बोलणं होतं. वक्त्यांची ओळख अध्यक्षांनी दोन-तीन वाक्यांत संपवली आणि बोलणं सुरू. पाऊण तास भाषण, जवळजवळ तेवढाच वेळ प्रश्न. माझ्या शेजारच्या पांढऱ्या केसांच्या आजी पिशवीतून वही काढून लिहून घेत होत्या. त्यांनी उभं राहून वक्त्याचं एक विधान सपशेल खोडून काढलं. वक्ता क्षणभर थांबला, म्हणाला, तुमचं बरोबर आहे, मी हे तपासलं नव्हतं. कुणाचा अपमान झाला नाही. त्यानंतर तीच दोघं बाहेर चहाच्या कपांभोवती तासभर बोलत होती, आणि मी खांबाला टेकून ऐकत होतो. मला तिथून हाकलायला कुणी आलं नाही.

त्या केंद्रावर टीका होते आणि ती रास्त आहे. सदस्यत्व मिळणं महाकठीण, इंग्रजीचा वरचष्मा, निवृत्त सनदी अधिकाऱ्यांचा अड्डा म्हणून त्याला नावं ठेवली जातात. ठेवावीत. पण कार्यक्रमाचं दार बऱ्यापैकी उघडं आहे, आणि रोज संध्याकाळी तिथं काहीतरी असतं, कारण ते आखणारी माणसं संस्थेच्या पगारावर आहेत. सगळं इथंच आहे. दगड, जाळ्या, बाग हे नंतरचं.

भोपाळचं भारत भवन बघा. १९८२ साली ते उघडलं तेव्हा चार्ल्स कोरियांच्या इमारतीइतकीच आतली माणसं मोलाची होती. चित्रकलेचा विभाग ‘रूपंकर’, तो जगदीश स्वामीनाथन यांच्याकडे. नाटकाचं ‘रंगमंडल’ ब. व. कारंतांकडे. कवितेचं ‘वागर्थ’, संगीताचं ‘अनहद’. स्वामीनाथन यांनी तरुण चित्रकार खेडोपाडी धाडले. पाटणगढचा जनगढसिंह श्याम त्यातूनच भोपाळला आला, आणि घराच्या भिंतीवरचं गोंड चित्र कागदावर, कॅनव्हासवर उतरलं. तारखा वाटणाऱ्या खिडकीला जनगढ सापडला असता का? त्याच्याकडे अनामत भरायला पैसे नव्हते आणि अर्ज करायला संस्था नव्हती.

मुंबईत नरिमन पॉइंटला ‘नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स’, म्हणजे एनसीपीए आहे, १९६९ सालचं. ते धनिकांचं म्हणून आपण लांब राहतो. पण पु. ल. तिथं मानद संचालक होते आणि अशोक रानड्यांसारखा संगीतज्ञ तिथं वर्षानुवर्षं काम करत होता. बैठकीची लावणी घेऊन तिचं गाणं आणि तिच्यावरचं विवेचन एकाच बैठकीत गुंफायची रीत रानड्यांची. लावणी ऐकून डोलणारा माणूस तिचा इतिहास ऐकूनही डोलतो, हे त्यांनी दाखवून दिलं. असा एक माणूस, फक्त एक, जिल्ह्याच्या नाट्यगृहाला का परवडू नये?

आपल्याकडे ऐकणारे नाहीत, ही सबब मला कुणी सांगू नये. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि आजही गावोगावच्या व्याख्यानमालांना लोक उन्हाळ्यात वारा घेत खुर्च्या अडवून बसतात. दादरच्या ‘छबिलदास’ शाळेच्या हॉलात, लाकडी बाकांवर, लोकांनी प्रायोगिक नाटकं बघितली आणि नंतर जिन्यात उभं राहून भांडणं केली. ऐकणारा मराठी माणूस आहे. त्याला बसायला जागा नाही, आणि बोलायला तर त्याहून नाही.

माझं मागणं छोटं आहे, आणि ते मी नगरपालिकेच्या सांस्कृतिक समितीला लेखी दिलंय. महिन्यातून एक संध्याकाळ हॉलनं स्वतःसाठी राखून ठेवावी. त्या संध्याकाळचं भाडं नाही, तिकीट नाही, सत्कार नाही. एक नाच किंवा एक गाणं किंवा एक पुस्तक, आणि त्यावर प्रश्न, प्रश्न संपेपर्यंत. त्या संध्याकाळपुरतं रात्रीचं सत्र कुणाला देऊ नये. वर्षाच्या तीनशे पासष्ट रात्रींतल्या बारा. पाहुण्याची ओळख तीन ओळींत करावी. हा खर्च हिशेबात धरला तर नाट्यगृहाच्या वातानुकूलन यंत्रणेच्या एका दुरुस्तीपेक्षा जास्त होणार नाही, असं माझा अनुभव सांगतो. समितीकडून अजून उत्तर नाही. मी पुन्हा जाणार आहे.

ती मुलगी मात्र त्या दिवशी उत्तर घेऊनच घरी गेली. आभार संपले, पडदा पडला, मागच्या दारातून सेटचे खांब आत येऊ लागले. आम्ही बाहेर पायऱ्यांवर आलो तर ती आईचा हात ओढत उभी. बाई सर्वांत खालच्या पायरीवर बसून घुंगरांच्या दोऱ्या सोडत होत्या. त्यांनी एक पाय मोकळा केला, दुसरा तसाच ठेवला, आणि सांगायला लागल्या. गाणी मराठीतही होती. सरफोजींच्या नावावरच मराठी रचना आहेत, ‘देवेंद्र कुरवंजी’ मराठीतच आहे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितं जपून ठेवलेली आहेत. नाचायला कुणीतरी ती उचलून घ्यायला हवीत, इतकंच.

“मग तुम्ही नाचता का ती?” मुलीनं विचारलं.

बाई उठल्या. एका पायात घुंगरू, एक पाय मोकळा. पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधल्या जागेत त्यांनी चार ओळी म्हणत करून दाखवल्या. आम्ही बारा-पंधरा जण होतो. वॉचमननं गेट लावायचं थांबवलं आणि बॅटरीचा झोत त्यांच्या पायांवर धरला.