गाडी नॉर्मल आहे, सर

हायब्रिड गाडी घ्यायला गेलेल्या माणसाला शोरूममध्ये सांगतात, की हिच्या पोटात दोन यंत्रे आहेत, एक पेट्रोलचे आणि एक विजेचे, आणि दोघांचे इतके गूळपीठ आहे की कोण कधी काम करते ते तुम्हाला कळणारसुद्धा नाही. यातले शेवटचे वाक्य अक्षरशः खरे निघते. गाडी उभी राहिली की दोघांपैकी कोणी काम सोडले हे मालकाला कळत नाही; सर्व्हिस सेंटरला कळत नाही, किंवा कळले तरी सांगवत नाही. भंडारा जिल्ह्यातल्या हायब्रिड मालकाच्या त्राग्याचे मूळ इथे आहे, असे माझे म्हणणे. यंत्र बिघडते याचे कोणाला फारसे वाटत नाही. एसटी रस्त्यात उभी राहते तेव्हा आपण निमूट खाली उतरून दुसरीची वाट पाहतोच. राग येतो तो याचा, की बिघाड सिद्ध करण्याचा सगळा पुरावा ज्याच्याविरुद्ध सिद्ध करायचे त्याच्याच कपाटात असतो.

आधी ॲव्हरेजचे उरकून घेऊ, कारण भांडणे तिथूनच सुरू होतात आणि तिथेच वाया जातात. २०२२ साली मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर आल्या तेव्हा स्ट्राँग हायब्रिडचा आकडा जाहीर झाला, लिटरला २७.९७ किलोमीटर. आकडा खोटा नाही. तो प्रयोगशाळेत रोलरवर चाके फिरवून, एसी बंद ठेवून आणि ताशी ९० किलोमीटरच्या वर न जाता काढलेला असतो. मे महिन्यात पारा ४५ ला टेकलेला असताना एसी बंद करून साकोलीहून भंडाऱ्याला येणारा गाडीमालक सापडला, तर त्याने तो आकडा जरूर मागावा. शिवाय हायब्रिडची खरी बचत थांबत-थांबत चालण्यात आहे. ब्रेक दाबला की जी शक्ती एरवी उष्णता होऊन वाया जाते, तिचा काही भाग मोटर बॅटरीत परत भरते. मुंबई-पुण्याच्या सिग्नलांवर हे उत्तमच. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर एका वेगाने नागपूर गाठणाऱ्याच्या वाट्याला त्यातले थोडेच येते. विक्रेत्याला हे ठाऊक असते, म्हणून तर टेस्ट ड्राइव्ह तो गावातल्या गर्दीतून देतो.

खरा खेळ दिवा लागल्यावर सुरू होतो. हायब्रिड यंत्रणा तपासून घ्या अशी सूचना समोर झळकते, गाडी सुस्तावते, मालक घाबरून ती कडेला घेतो. बंद करून पुन्हा चालू केली की दिवा गायब, आणि सर्व्हिस सेंटरच्या फाटकात शिरेपर्यंत गाडी निर्दोष. कारणे अनेक असू शकतात. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत बॅटरी गार ठेवणारी हवा प्रवाशांच्या बाजूने एका जाळीतून ओढली जाते. जाळी धुळीने भरली की बॅटरी तापते आणि यंत्रणा हात आखडते. कधी दोष मोठ्या बॅटरीचा नसतोच. गाडीतल्या संगणकांना जागे करणारी साधी १२ व्होल्टची बॅटरी मरगळते आणि तेवढ्यावर लाखोंची गाडी जागची हलायला नकार देते. कधी सॉफ्टवेअर, कधी इन्व्हर्टर गार ठेवणारा पंप. यातले नेमके काय, ते गाडीला पक्के माहीत असते. बिघाडाच्या क्षणीचा कोड, वेग, तापमान यांची नोंद तिच्या संगणकात होते. पण ती नोंद पुरती वाचणारे सॉफ्टवेअर कंपनीचे, त्याचा पासवर्ड कंपनीचा आणि ते चालवणारा माणूस डीलरचा. तो लॅपटॉप जोडतो, पाहतो, कोड पुसतो आणि जॉबकार्डावर लिहितो, तपासणी केली, दोष आढळला नाही. तोंडाने म्हणतो, "गाडी नॉर्मल आहे, सर." धान खरेदी केंद्रावर ओलावा मोजणारे यंत्रही घेणाऱ्याचेच असते आणि १७ टक्क्यांच्या वर आकडा गेला की धान परत. पण तिथे लाखांदूरचा शेतकरी तो आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो, पटला नाही तर दाणा दाताखाली धरून भांडतो. हायब्रिडच्या मालकाने दाताखाली काय धरावे?

यावर जाणकार लगेच म्हणतील, की चांगल्या तंत्राला उगीच बदनाम करू नका. प्रियस १९९७ पासून रस्त्यावर आहे. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सच्या २०२३ च्या पाहणीत हायब्रिडमध्ये नुसत्या पेट्रोल गाड्यांपेक्षा २६ टक्के कमी दोष आढळले. टोयोटा तर हायब्रिड बॅटरीला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देते. सगळे मान्य, आणि माझ्या सोयीचेही. जी गाडी सहसा बिघडत नाही तिचा बिघाड ओळखण्याचा सराव कोणालाच होत नाही. मूठभर मालक तक्रार घेऊन येतात तेव्हा सर्व्हिस सेंटरमधल्या सल्लागाराला मनापासून वाटते, की तंत्र जगन्मान्य आहे, म्हणजे खोट या माणसाच्या चालवण्यातच असणार. सरासरीचा हा मोठेपणा कारध्याच्या पुलावर उभ्या राहिलेल्या एका गाडीच्या मालकाच्या नेमका विरोधात जातो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. जिल्ह्यात अशा गाड्या किती, त्यांच्यासाठी डीलरने प्रशिक्षित माणूस भंडाऱ्यात कसा बसवावा, आणि नागपूर आहेच की साठेक किलोमीटरवर. नागपूर साठ किलोमीटरवर असते ते भंडारा शहरातल्या माणसाला. साकोलीकराला शंभर पडतात, आणि टोइंगवाला परतीचेही धरतो. शिवाय गाड्या थोड्या आहेत ही अडचण चेक घेताना कोणाला आठवत नाही. पण समजा, माणूस ठेवणे परवडत नाही. मग माहिती तरी मोकळी करा. इथे यंत्र कळणारी माणसे नाहीत असे म्हणण्याची सोय नाही. गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे, वरठीला सनफ्लॅगची भट्टी, जवाहरनगरला आयुध निर्माणी, आणि तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतले मँगनीज बॅटरीच्या कारखान्यांना जाते. बॅटरीचा माल इथल्या जमिनीतून काढायचा आणि बॅटरीला काय झाले हे विचारायला मात्र नागपूर. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ च्या ऑगस्टमध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता, तो याच कारणासाठी: सुटे भाग आणि निदानाची साधने बाहेरच्या मेकॅनिकला मिळू देत नाहीत म्हणून. प्रकरण अपिलात गेले आणि मिस्तरी होता तिथेच राहिला. २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टलही काढले. तिथे कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरची माहिती मिळते, म्हणजे ज्या दारातून मालक हात हलवत परतला त्याच दाराचा पत्ता. कंपन्या म्हणतात, आत शेकडो व्होल्ट खेळतात, ऐऱ्यागैऱ्याने हात लावू नये. बरोबर आहे, नारिंगी वेष्टनाच्या तारा न शिकलेल्याने सोडूच नयेत. पण कोड वाचायला एकही तार सोडावी लागत नाही.

मग ग्राहक आयोगात जा, असे तिसरा सांगतो. जावेच. २०१९ च्या कायद्याने मालकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात, म्हणजे भंडाऱ्यातच तक्रार करता येते. दहा ते वीस लाखांच्या गाडीसाठी फी ४०० रुपये, आणि निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत व्हावा अशी कायद्याची इच्छा आहे. कायद्याच्या इच्छा नेहमीच गोड असतात. पुढे गेल्यावर मालकाला तीन निकाल भेटतात. २००६ साली मारुतीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणाले, वॉरंटी सदोष भाग बदलून देण्याची असते, गाडी बदलून देण्याची नव्हे. २०२१ चे प्रकरण गोव्यातले. २०११ चे मॉडेल मागणाऱ्या ग्राहकाला डीलरने २००९ ची, सहाशेवर किलोमीटर धावलेली गाडी दिली. न्यायालयाने सांगितले, की डीलर आणि टाटा मोटर्स हे एकमेकांशी व्यवहार करणारे दोन स्वतंत्र व्यापारी आहेत, आणि कंपनीचा यात हात असल्याचे दिसत नसल्याने ती जबाबदार नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बिनचूक असेल. ग्राहकाला मात्र पाटी कंपनीची दिसते, गणवेश कंपनीचा दिसतो, आणि डीलर स्वतंत्र झाल्याची बातमी थेट निकालपत्रातून कळते. तिसरे प्रकरण एका कंपनीने २००९ च्या सप्टेंबरमध्ये घेतलेल्या बीएमडब्ल्यूचे. ती गाडी चारच दिवसांत बिघडली, फौजदारी फिर्याद झाली, आणि ५० लाख रुपये द्या असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला तो जुलै २०२४ मध्ये. गाडी सदोष असल्याच्या तक्रारीत एक मागणी ठरलेली असते: उत्पादनातला दोष सिद्ध करा. त्याला तज्ज्ञ हवा, तज्ज्ञाला नोंद हवी, आणि नोंद तर "गाडी नॉर्मल आहे" म्हणता म्हणता पुसली गेलेली.

कंपन्या दोष कबूल करतच नाहीत, असेही नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये मारुतीने ३९,५०६ ग्रँड विटारा परत बोलावल्या, कारण टाकीत पेट्रोल किती उरले हे दाखवणारी खूण आणि ते संपत आल्याचा दिवा खरे सांगतीलच याची खात्री नव्हती. जिची सारी कीर्ती पेट्रोल वाचवण्यावर, तिलाच पेट्रोल किती आहे ते ठाऊक नसावे! पण हसण्यापेक्षा हे पाहावे, की कंपनीने स्वतः सांगितले, फुकट दुरुस्तीही देऊ केली. हजारो गाड्यांत निघाला की तो दोष ठरतो. एकाच गाडीत निघाला की ती मालकाची ड्रायव्हिंग हॅबिट ठरते. म्हणून मागणी फार लहान आहे. जॉबकार्डावर तक्रार मालकाच्या शब्दांत लिहावी, आणि कोड पुसण्याआधी त्याची तारखेसह प्रत छापून सहीनिशी मालकाच्या हातात द्यावी. एका गाडीमागे खर्च एक कागद.

हा कागद न देणारे सर्व्हिस सेंटर स्वतः मात्र एक गोष्ट नेमाने मागते. "दोन दिवसांत कंपनीचा फोन येईल सर, दहापैकी दहाच द्या, नऊ दिले तर आमचा इन्सेन्टिव्ह कापतात." सांगणारा पोरगा जेमतेम विशीतला, बहुधा इकडच्याच एखाद्या गावचा. दिवा तसाच लागत असला तरी त्याच्या तोंडाकडे पाहून भंडाऱ्याचा माणूस विरघळतो आणि दहा देऊन टाकतो. या फोनचे रेकॉर्डिंग मात्र होते, ते कोणी पुसत नाही, आणि पुढे आयोगात कंपनीचा वकील उभा राहिला की त्याला दाखवायला तारीखवार पुरावा तयार असतो: तक्रारदार त्या दिवशी पूर्ण समाधानी होता.