स्थानकावर हरकत कशी घ्यावी

मेट्रोचे स्थानक आपल्या भागात होणार हे कळल्यावर आनंद दाखवू नये. सरकारी कागदावर आनंदाला रकाना नसतो. रकाना असतो 'हरकती व सूचना' असा, आणि त्यातली सूचना केवळ सभ्यतेपोटी असते. अर्ज मुदतीच्या शेवटच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीआधी पाच मिनिटे द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक-जावकचा शिक्का घ्यावा. पुढे काहीच झाले नाही, तरी शिक्का राहतो.

अंतर आधी ठरवावे. स्थानक घरापासून पाच मिनिटांवर हवे, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसता कामा नये. फ्लॅटचा भाव वाढावा, फ्लॅटखालच्या रिक्षा वाढू नयेत. या दोन मागण्या एका अर्जात बसत नाहीत असे वाटेल. पहिली मुलाच्या सहीने द्यावी, दुसरी वडिलांच्या.

नावाच्या हरकतीसाठी पुण्याचा अभ्यास करावा. इथे भोसरी नावाचे स्थानक कासारवाडीजवळ, नाशिक फाट्याला उभे राहिले. नावावर विश्वास ठेवून उतरलेल्याला भोसरी गाठायला पुन्हा रिक्षाच शोधावी लागे. आता ते नाशिक फाटा झाले. बुधवार पेठेचे कसबा पेठ झाले, सिव्हिल कोर्टाचे जिल्हा न्यायालय. म्हणजे नाव बदलता येते, फक्त चिकाटी लागते. रिक्षावाल्याला मात्र जुनेच नाव सांगावे.

उंचीची हरकत हा खास आपला प्रांत. २०२१ मध्ये पुण्यातल्या लकडी पुलावरच्या मेट्रोमुळे विसर्जन मिरवणुकीतले उंच रथ अडतील, म्हणून गणेश मंडळांनी विरोध केला आणि काम काही काळ थांबले. अभियंत्यांनी वाऱ्याचा दाब मोजला होता, पाण्याचा मोजला होता. देखाव्याची उंची कोणत्या पाठ्यपुस्तकात असते?

आता उद्घोषणा. इथे तयारी कसून करावी. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल, हे मर्यादेचे आकडे तोंडपाठ हवेत. गॅलरीत उभे राहून मोबाइलवरच्या ॲपने फलाटावरचा आवाज मोजावा. शेजारच्या मांडवातला ढोल थांबण्याची वाट पाहू नये, आकडा कमी भरतो. घरी असताना उद्घोषणा कानात घुसते अशी तक्रार करावी, डब्यात बसल्यावर ती ऐकूच येत नाही अशी. दोन्ही खऱ्या असू शकतात. डब्यात आपण फोनवर बोलत असतो.

भाषेवर आले की घाई करू नये. आधी मराठी पहिली आहे का ते पाहावे. असलीच, तर शुद्धतेकडे वळावे. दरवाजे 'डावीकडे' उघडावेत की 'डाव्या बाजूस', यावर सोसायटीच्या बैठकीत निवृत्त प्राध्यापकांना अर्धा तास द्यावा. तेवढ्यात वनाज स्थानकाहून सुटलेली गाडी नदी ओलांडून पार पुढे गेलेली असते, आणि दरवाजे दोन्ही पक्षांना न विचारता उघडलेले असतात.

एका धोक्याची मात्र आधीच कल्पना असावी. अशा बैठकीत कधीतरी मागच्या रांगेतून पांढरी काठी घेतलेले एखादे गृहस्थ उठतात. त्यांना आवाज मोठा नको असतो, स्पष्ट हवा असतो. दार कोणत्या बाजूला उघडणार हे स्थानक येण्याआधी कळावे, दार उघडल्यावर नव्हे, एवढेच ते म्हणतात. गाडी धडधडत फलाटात शिरत असतानाच सूचना वाजवू नये, म्हणतात. आणि जिल्हा न्यायालयासारख्या ठिकाणी, जिथे एक मार्ग जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आणि दुसरा डोक्यावर, तिथे कोणता जिना कुठे नेतो हे उतरल्या उतरल्या कोणीतरी बोलून सांगावे, म्हणतात.

ही खरोखरच सूचना असल्यामुळे सभेची पंचाईत होते. विरोध करता येत नाही, मान्य केले तर काम लागते. गडबडू नये. गृहस्थांना शाल-श्रीफळ द्यावे, टाळ्या वाजवाव्यात आणि त्यांचा मुद्दा अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळच्या विषयांत घालावा. तिथवर पोचेपर्यंत बटाटेवडे आलेले असतात, आणि स्थानकाला कोणाच्या आजोबांचे नाव द्यायचे हा वाद अजून मिटायचा असतो.