पासवर्डभाऊ

हा माणूस तुमच्याही नात्यात असेलच. उंबऱ्यात चपला काढता काढताच खिशातून मोबाइल काढणारा. आपण म्हणतो, "बसा, पाणी आणतो." तो म्हणतो, "पाणी राहू द्या, पासवर्ड काय हाय?" आमच्या रोहिणखेडात त्यांना पासवर्डभाऊच म्हणतात. खरं नाव सातबाऱ्यावर असेल.

पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले. पोहे झाले, मुलगी समोर बसली. मंडळी म्हणाली, "विचारा काही." भाऊंनी विचारला तो पासवर्डच. मुलीनं सांगून टाकला. बाहेर येताच भाऊ पुतण्याला म्हणाले, "हो म्हण. पोरगी मनात काही ठेवत नाही."

एका तेराव्याला तर कमाल झाली. मुलाचा हात हातात घेऊन भाऊ बराच वेळ गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "बापाचं नाव टाकून पाह्यलं, लागत नाही. पुढे एक-दोन-तीन हाय का?"

रेल्वे स्टेशनांवर फुकट वायफाय आल्यापासून मलकापूर ही भाऊंची पंढरी. मोबाइल नंबर टाका, ओटीपी घ्या, दिवसाला अर्धा तास फुकट. एसटीचं भाडं देऊन जायचं, दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढायचं आणि फुकटचा अर्धा तास वसूल करायचा. तो संपला की वहिनींच्या नंबरावर दुसरा. गाड्या येत, जात. भाऊंना कुठंच जायचं नसे.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्रानं पीएम-वाणी योजना मंजूर केली. कोणत्याही टपरीवाल्यानं लायसन्स न काढता वायफाय द्यावं, अशी ती योजना. गावात ती भाऊंइतकी कुणीच वाचली नसेल. चहावाल्याला त्यांनी महिनाभर समजावलं. शेवटी तो म्हणाला, "भाऊ, तुमची चहाची उधारी तं आंधी द्या!"

मला या माणसाचा राग येतो. मी राउटरचा पासवर्ड बदलला, तर यांनी माझ्या नातवाला गोळी देऊन नवा काढून घेतला. पण कधीकधी वाटतं, यांचं चुकतंय काय? २०११ पासून सरकार म्हणतंय, ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेऊ. गावोगावच्या चौकांत फुकट वायफायच्या घोषणा झाल्या. आपण टाळ्या वाजवून घरी आलो. भाऊ तेवढे मोबाइल काढून उभे राहिले.

आणि मग आला जुलै २०२४. एकाच आठवड्यात मोठ्या कंपन्यांचे रिचार्ज महागले आणि सरकारच्या लाडकी बहीण योजनेचे फॉर्म सुरू झाले. दिवसा ॲप उघडेना, बायका कागदांच्या पिशव्या घेऊन फिरत. भाऊंना एक गोष्ट ठाऊक होती: एका कार्यालयाला संध्याकाळी कुलूप लागतं, पण आतली पेटी चालूच राहते आणि तिची रेंज बाहेरच्या ओट्यापर्यंत येते. पासवर्ड कसा मिळाला, ते विचारू नये. रात्री साडेअकरानंतर ओट्यावर बायकांची रांग. भाऊ चष्मा कपाळावर ढकलून आधार कार्डावरचे आकडे मोठ्यानं वाचताहेत, कुणाचं बँक पासबुक उलटं धरलेलं सरळ करताहेत, "काकू, हालू नका, फोटो हालते," म्हणून दटावताहेत. कुठंकुठं फॉर्मामागे पैसे घेतल्याच्या तक्रारी त्या दिवसांत पेपरात येत होत्या. भाऊंनी चहासुद्धा घेतला नाही. माझ्या सुनेचा फॉर्मही तिथंच भरला गेला, हे मी नाइलाजानं लिहितो.

ऑगस्टच्या मध्याला दोन महिन्यांचे तीन हजार जमा होऊ लागले. वहिनींच्याही खात्यात आले. त्यांनी त्यातून पहिल्यांदाच स्वतःसाठी रोज दोन जीबीचा रिचार्ज मारला आणि हॉटस्पॉटला पासवर्ड घातला. भाऊंनी स्वतःचं नाव टाकून पाहिलं. लागलं नाही. मग वहिनींच्या माहेरच्या म्हशीचं टाकलं. तेही नाही. सध्या मेहुण्यांची नावं चालू आहेत.