तुघलकाला पेनड्राइव्ह मिळता तर

मुहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली, गावाचं नाव दौलताबाद केलं, आणि काही वर्षांनी लोकांना परतायची मुभाही दिली. आमच्या गावाचं नाव त्यामुळे सर्वदूर झालं, शहाणपणासाठी मात्र नव्हे. ‘खाविंद, आधी लाइव्ह चालवून बघा’ असं म्हणणारं दरबारात कोणी नव्हतं.

लिनक्सवाले नेमकं तेच म्हणतात. पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट चढवायचं, संगणक सुरू होताना एफ१२ किंवा तसलीच एखादी कळ दाबायची, की हार्ड डिस्कला धक्का न लावता पडद्यावर नवी राजधानी उभी राहते. नाही आवडली, तर पेनड्राइव्ह काढा. दिल्ली जागच्या जागी.

निमित्त विंडोज १० चं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा सांभाळ थांबवला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० हे सुरक्षेचं मॉड्यूल लागतं. ते माझ्या लॅपटॉपात नाही. चहा टाकून, पिऊन, कपबशी विसळून होईपर्यंत तो जेमतेम जागा होतो. मिंटच्या एक्सएफसीई आवृत्तीला मात्र २ जीबी रॅममध्येही भागवता येतं. ४ असेल तर सुखाने.

उतरवलेली फाइल अस्सल आहे का, हे चेकसम जुळवून बघा, असा या मंडळींचा आग्रह. दौलताबादकराला तो पटवावा लागत नाही. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीचा वेढा पडला, तेव्हा गडावर धान्य म्हणून चढवलेल्या पोत्यांत मीठ निघालं, असं इथे सांगतात. रामदेवरायाच्या कोठारात चेकसम कोणी पाहिलं नव्हतं.

पेनड्राइव्हवरून फायरफॉक्स उघडलं, सातबारा दिसला, इनस्क्रिप्टने मराठी उमटली. युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या जुन्या पत्रांची तेवढी खिचडी झाली. टर्मिनलची काळी खिडकीही उघडून पाहिली. किल्ल्यातल्या अंधारी भुयारात निदान वाटाड्या तरी मिळतो.

शेजारचा खतदुकानदार बघत होता.

“फुकट? मग गुरुजी, यात त्यांना काय मिळतं?”

१९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने हे सुरू केलं, पुढे जगभरच्या लोकांनी हातभार लावला, असं मी उत्साहाने सांगू लागलो. त्याने ते सगळं ऐकून घेतलं.

“टॅली चालतं का?”

“सरळ नाही चालत.”

“मग विंडोजच्या शेजारी बसवता येतं का बघा. आणि बॅकअप आधी घ्या.”