न झालेल्या सामन्याचे पंच

21 जून 2003 ला लॉस एंजेलिसच्या स्टेपल्स सेंटरमध्ये लेनॉक्स लुईस आणि विताली क्लिच्को हे मुष्टियोद्धे सहा फेऱ्या भिडले. तिन्ही पंचांच्या कागदावर क्लिच्को 58-56 असा पुढे. पण त्याच्या डाव्या डोळ्यावर एवढी खोल चीर, की डॉक्टरांनी सामनाच थांबवला. लुईस विजयी. फेब्रुवारी 2004 मध्ये तो निवृत्त झाला आणि पुन्हा गाठ पडायची राहून गेली.

राहून गेली कसली! शौकिनांच्या जिभेवर ती रोज पडते. क्लिच्कोचे वकील विचारतात, ‘जखम नसती तर?’ जणू ती आभाळातून पडली होती. लुईसच्याच ठोशाची ती करामत, एवढा तपशील सोयीने गाळायचा. लुईसचे वकील म्हणतात, ‘तयारीनिशी उतरला असता तर?’ साडे 256 पौंड, कारकिर्दीतलं सर्वाधिक वजन, त्याच्यावर कुणी लादलं होतं? शिवाय समोरचा तर जेमतेम दोन आठवडे आधी ठरलेला बदली गडी. आत्याबाईला मिशा असत्या तर दोघेही जिंकले असते!

गंमत अशी, की प्रत्येक जण आपला पठ्ठ्या ऐन भरातला आणतो आणि दुसऱ्याचा त्या रात्रीचा, दमलेला. क्लिच्को 2014 मध्ये कीव्हचा महापौर झाला, लुईस बुद्धिबळात रमतो. वकिलांना मात्र निवृत्ती नाही. न झालेल्या सामन्यात हरायची सोयच नसते ना!